ट्रॅकर भरपूर, पण ऐकणारं केंद्रच नाही

महोदय,

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड तुटतं. मेळघाटात तर पूर नसतानाही कित्येक गावांत मोबाईलला रेंज नसते. अशा भागात गेलेल्या पथकासोबत परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक असला, तर पथकाची जागा एपीआरएसने, म्हणजे रेडिओवरून जागा कळवण्याच्या पद्धतीने, कळू शकते. बॉब ब्रुनिंगा यांनी उभी केलेली ही पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. जीपीएसने दिलेले अक्षांश-रेखांश १२०० आणि २२०० हर्ट्झच्या दोन सुरांत बदलून दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, जेमतेम सेकंदभरात पाठवले जातात; अशा एका छोट्या संदेशाला पॅकेट म्हणतात आणि ते पाठवणाऱ्या यंत्राला ट्रॅकर. ते पकडून इंटरनेटवर चढवणारं केंद्र म्हणजे आयगेट. ते नसेल तर ट्रॅकर कितीही घ्या, नकाशा कोराच राहतो. विदर्भात अडतं ते इथेच.

आयगेट नागपूर-अमरावतीत ठेवून जंगलाला काही उपयोग नाही. तो नेट असलेल्या शेवटच्या गावात हवा. दहा मीटर उंचीच्या अँटेनाला सपाट भागातली जीप साधारण १८-१९ किलोमीटरवरून ऐकू येते. मध्ये डोंगर आला की हिशेब संपला. म्हणून मेळघाटात चिखलदऱ्यासारखी उंच जागा आधी धरावी.

आयगेटला सामान फार नाही: रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, आरटीएल-एसडीआर डोंगल म्हणजे यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर, पॅकेट उलगडणारं डायरवुल्फ हे मोफत सॉफ्टवेअर आणि घरी करता येणारा अँटेना. उभी तार सुमारे ४९ सेंटिमीटर, खाली तेवढ्याच चार तारा ४५ अंशात वाकवलेल्या. केबल आखूड ठेवा. आरजी-५८ केबल वीस मीटर ओढली तर निम्म्याच्या आसपास सिग्नल वाटेतच जातो. स्वस्त डोंगल ५० पीपीएमने (दहा लाखांत ५० भागांनी) सरकलेला असला तर वारंवारता ७ किलोहर्ट्झने चुकते आणि एकही पॅकेट उलगडत नाही; त्याची दुरुस्ती सेटिंगमध्ये भरावी लागते. इंटरनेटवरच्या एपीआरएस सर्व्हरशी जोडणी १४५८० पोर्टवर होते. पासकोड चुकला तर जोडणी झालेली दिसते, पण पॅकेट पुढे जात नाहीत. हे लवकर लक्षात येत नाही, म्हणून पहिल्यांदा तेच तपासा.

सर्वांत घातक चूक जागेच्या आकड्यांची. पॅकेटमध्ये अंश आणि मिनिटं जातात, दशांश अंश नव्हेत. २१.४० अंश म्हणजे २१ अंश २४ मिनिटं. ते २१ अंश ४० मिनिटं असं भरलं की जीप जवळपास ३० किलोमीटर उत्तरेला दिसते आणि मदत भलत्याच रानात शिरते.

चालत्या गाडीने दर एक-दोन मिनिटांनी, स्थिर केंद्राने अर्ध्या तासाने जागा कळवली तरी पुरे. सगळे एकाच वारंवारतेवर असतात. दर दहा सेकंदांनी ओरडणारा ट्रॅकर बाकीच्यांचे पॅकेट चिरडतो.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाने पावसाळ्याआधी परवानाधारक हॅमना ग्रामपंचायतीच्या गच्चीवर एक खांब आणि विजेचा एक पॉइंट द्यावा, ही विनंती. खांबाला पक्कं अर्थिंग हवंच, आपल्याकडे विजा कमी पडत नाहीत. लाइन गेल्यावर रास्पबेरी पाय आणि राउटर मिळून साधारण एक अँपियर घेतात, म्हणजे ४० अँपियर-तासाची बॅटरी निम्मी वापरली तरी वीस तास निघतात. नेटच्या फायबरचा डबाही त्याच बॅटरीवर घ्या. तो बंद पडला तर आयगेट ऐकत राहील, पण नकाशावर काहीच पोहोचणार नाही.

आपले,
हौशी रेडिओ परवानाधारक, धारणी (जि. अमरावती)