लाइव्ह अल्बममधल्या टाळ्या कुणाच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रॉकच्या लाइव्ह अल्बमवर, म्हणजे चालू कार्यक्रमात रेकॉर्ड केलेल्या अल्बमवर, आलेला लेख वाचला. स्टुडिओत हात लागला की अल्बम खोटा आणि वाजलं तसं छापलं की खरा, असा लेखाचा एकूण सूर आहे. मी कोल्हापुरात वीसेक वर्षं साऊंडचा धंदा करतोय. ऑर्केस्ट्रा, गॅदरिंग, व्याख्यानमाला, लग्नं, आणि वर्षातून एखादा कॉलेजच्या पोरांचा रॉक बँड. लेखकांचं पहिलं म्हणणं मला निम्मं पटतं, दुसरं अजिबात पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी राजारामपुरीतल्या एका छोट्या हॉलमध्ये चार पोरांच्या बँडचा कार्यक्रम होता. माणसं दीड-दोनशे, पण हॉल दणाणून गेला. सगळे माइक जिथं येऊन मिळतात त्या मिक्सरवरून मी थेट पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग करून दिलं. नंतर त्याला बोटही लावलं नाही, म्हणजे लेखकांच्या हिशेबानं शंभर नंबरी माल. दुसऱ्या दिवशी पोरं दुकानात आली, ऐकलं आणि तोंडं पाडून बसली. ‘काका, हे आमी न्हवंच.’

पोरांचं बरोबर होतं. गायक कानात येऊन ओरडत होता, ड्रम म्हणजे शेजारच्या घरात कुणी पत्र्याचा डबा बडवतंय, आणि गिटार शोधावी लागत होती. छोट्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचा ॲम्प (तिचा स्वतःचा स्पीकर) मुळातच एवढे मोठे वाजतात की स्पीकरमधून त्यांना फारसं काही द्यावं लागत नाही. त्यांच्यावर मात करायला गायकाचा आवाज तेवढा चढवावा लागतो. मिक्सरमधून जे गेलं तेच पेनड्राइव्हवर उतरलं. जे स्टेजवरून हवेतून थेट लोकांच्या कानात गेलं, त्याचा मिक्सरला पत्ताच नव्हता. अजिबात हात न लावलेलं रेकॉर्डिंग असं सपशेल खोटं निघालं.

मग आठवडाभर मीच बसलो. तिसऱ्या रांगेतल्या एका पोराच्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग खाली जोडलं, त्यातून हॉलचा घुमारा आला. एका गाण्यात माइकची केबल सैल झाल्यामुळे अर्धा अंतरा गेला होता, तेवढा पुन्हा गाऊन घेतला. आता ऐकून पोरं म्हणाली, ‘हां, अस्संच झालंतं!’ टाळ्यांचं काय केलं ते पुढं सांगतो.

लेखकांनी सगळे अल्बम एकाच पोत्यात भरलेत, तेही बरोबर नाही. डीप पर्पल या बँडचा ‘मेड इन जपान’ ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत रेकॉर्ड झाला. वरून काही वाजवून न घालता केलेल्या अल्बमचं उदाहरण म्हणून आजही त्याचंच नाव घेतात. पण त्यातली सात गाणीसुद्धा तीन रात्रींतून निवडलेली आहेत. म्हणजे अल्बम ऐकून जी एक रात्र आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते, ती जपानात कुणीच अनुभवलेली नाही. दुसऱ्या टोकाला थिन लिझीचा १९७८ चा ‘लाइव्ह अँड डेंजरस’. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणाला, यातलं पाऊणएक काम स्टुडिओतलं आहे. बँडवाले म्हणाले, उलट पाऊण हिस्सा लाइव्ह आहे. एकाच खोलीत बसून काम केलेल्या लोकांची ही गत, तर आपण घरी बसून काय ओळखणार?

मला सगळ्यात आवडतं ते द हू या बँडचं प्रकरण. १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात त्यांचा कार्यक्रम झाला. टेपवर कडकड असा आवाज आला होता, तर त्यांनी तबकडीच्या लेबलवरच लिहून टाकलं, की हा कडकडाट ठीक आहे, दुरुस्त करू नका. खरं तर दुसऱ्याच दिवशी हल गावातही रेकॉर्डिंग केलं होतं, पण तिथल्या काही गाण्यांत बास गिटार टेपवर आलीच नव्हती. चाळीस वर्षांनी हलचा कार्यक्रम प्रसिद्ध केला तेव्हा त्या जागी लीड्सची बास आणून बसवली. माणूस तोच, गाणं तेच, फक्त आदल्या रात्रीचं. याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बास तिथं वाजली होती, लोकांनी ऐकली होती, टेपनं तेवढी सोडली.

खोटेपणा मला दिसतो तो टाळ्यांत. रोलिंग स्टोन्सच्या १९६६ च्या लाइव्ह अल्बममध्ये दोन गाणी चक्क स्टुडिओतली आहेत, वर पोरींच्या किंकाळ्या टाकल्यात. जॉनी कॅश (तो तसा कंट्रीवाला, पण उदाहरण नामी आहे) १९६८ मध्ये फॉल्सम तुरुंगात गायला. माणूस मरताना बघायचा म्हणून त्याला गोळी घातली, अशा अर्थाच्या ओळीवर तिथं कैद्यांचा जल्लोष ऐकू येतो आणि अंगावर काटा येतो. तो जल्लोष नंतर घातलेला आहे. कैदी त्या ओळीला गप्प होते. गाणाऱ्याची चूक झाकणं वेगळं आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडी नसलेली दाद घालणं वेगळं.

उरला प्रश्न प्रत्यक्ष कार्यक्रमाचा. लेखकांना तो फारच पवित्र वाटतो. मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं बंगळूरला एका परदेशी बँडला ऐकायला गेलो होतो. उघडं मैदान, वारं सुटलेलं, आणि गिटार वाऱ्याबरोबर येत-जात होती. पुढचा उंच माणूस दोन तास हलला नाही. पण बास ड्रमचा ठोका बरगडीत बसत होता, तो घरच्या स्पीकरवर कधीच बसणार नाही. आवाज कमी केला की आपला कानच खर्ज कमी ऐकतो, त्यात अल्बम करणाऱ्याचा दोष नाही.

आपल्या गावाला खरं तर हे कुणी सांगायला नको. थोर गवई अल्लादियाखाँसाहेब इथं शाहू महाराजांच्या दरबारी होते. त्यांच्या शिष्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. ती तबकडी म्हणजे केसरबाईंची मैफल, असं आपल्या देवल क्लबात गाणं ऐकायला बसणारा कुणीही म्हणणार नाही. तबकडी ऐकायची ती तबकडी म्हणूनच.

तर टाळ्या. मोबाइलमध्ये त्या फाटून आल्या होत्या, म्हणून मी आदल्या वर्षीच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राच्या काढून लावल्या. पोरांनी गाणी नेटवर टाकली. खाली कुणीतरी लिहिलं, ‘तिसऱ्या गाण्यातली शिट्टी लई भारी, असली पब्लिक पाहिजे.’ ती शिट्टी एका लावणीला पडलेली आहे. मी पोरांना म्हटलं, खाली तसं लिहून टाका. पोरं म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे की काका.’

मूळ पेनड्राइव्ह माझ्याकडे जपून ठेवलाय. लेखकांनी सवडीनं दुकानात यावं, दोन्ही ऐकवतो.

आपला,
एक साऊंडवाला, मंगळवार पेठ, कोल्हापूर