पुस्तकातलं काय गाळलं एवढंच मोजायचं का?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कादंबरीवरून काढलेल्या सिनेमांबद्दल वाचकांची पत्रं येतायत, त्यात मागच्या खेपेला एकाने 'राझी'ला चांगलंच धुतलंय. तोच सिनेमा, एकाहत्तरच्या युद्धाच्या वेळी पाकिस्तानी लष्करी घरात सून होऊन गेलेल्या सेहमत नावाच्या आपल्या हेराचा. म्हणणं काय तर पुस्तकातलं हे सिनेमात नाही, तेही नाही, म्हणजे दिग्दर्शिका बाईंनी पुस्तकाची वाट लावली. यादी बरोबर आहे हो, त्याबद्दल तक्रार नाही. हरिंदर सिक्कांचं 'कॉलिंग सेहमत' २००८ चं, सिनेमा आला मे २०१८ मध्ये, मेघना गुलजारांचा, आणि मधल्या दहा वर्षांत ज्यांनी पुस्तक वाचलं होतं त्यांना काही गोष्टी गायब दिसणारच. सेहमतचं दिल्लीतलं कॉलेजातलं प्रेमप्रकरण सिनेमात नाहीच. पाकिस्तानातून परत आल्यावर ती पंजाबात मालेरकोटल्याला जाऊन राहते, पुस्तकात तो भाग चांगला ऐसपैस आहे, सिनेमाने तो जवळजवळ उडवलाय. खुद्द सिक्का साहेबांनीसुद्धा नंतर जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली. त्यांचं ठीक आहे, लेखकाला आपलं पुस्तक म्हणजे पोटचं पोर. पण आपण तिकीट काढून बसलेली माणसं, आपण का म्हणून पुस्तक मांडीवर घेऊन टिकमार्क करत बसायचं?

माझ्या मते हेरगिरीच्या सिनेमाला एकच गोष्ट विचारायची. साधं काहीतरी चाललेलं असताना, म्हणजे कोणी दार लावतंय, चहा देतंय, पाकीट उचलतंय, तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो की नाही? येत असेल तर पिक्चर जमलाय, मग पुस्तकातली शंभर पानं गाळली असतील तरी माझं काही म्हणणं नाही. येत नसेल तर पानन् पान जसंच्या तसं घेतलं असलं तरी फुकट.

'राझी'त तो गोळा येतो, आणि का येतो हे मला आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये कळलं. आमच्याकडे मे महिन्यात मुंबईकर गावी आले की पडदा लावून एखादा सिनेमा दाखवतात, यावेळी हा लावला होता. पुरुषमंडळी मागे उभी राहून पाकिस्तान, रॉ, एकाहत्तरचं युद्ध असल्या गप्पा मारतायत आणि पुढे चटईवर बसलेल्या बायका मात्र श्वास रोखून. कारण त्यांना जे दिसत होतं ते आम्हाला दिसतच नव्हतं. ती मुलगी हेर वगैरे नंतर, आधी ती सासरी आलेली नवी सून आहे! नव्या सुनेवर घरातल्या सगळ्यांचे डोळे असतातच. खोलीचं दार किती वेळ बंद होतं, बॅगेत काय आणलंय, माहेरचा फोन आला तर काय बोलली, आणि न्हाणीघरात जरा जास्त वेळ लागला की बाहेरून हाक आलीच. सेहमत त्याच न्हाणीघरात बसून मोर्सचे खटके, म्हणजे टिकटिक करून सांकेतिक निरोप, पाठवते. वेगळा व्हिलन आणायची गरजच नाही, आख्खं घर पहारा देतंय आणि तेसुद्धा प्रेमाने. सासरा चांगला, नवरा तर इतका समंजस की आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या असलो घोव मेळलो तर मी हेरगिरी सोडून दिली असती. जाऊ आहे, ती आपल्या अमृता खानविलकरने केलीय, छोटंच काम पण घरातली वाटते. आणि तो जुना नोकर अब्दुल. त्याला संशय आलाय हे सेहमतला कळायच्या आधी चटईवर कळलेलं होतं, एक आजी सरळ पडद्याशीच बोलायला लागल्या, "गो बाय माझे, मागे बघ, तो इलो!" पुढे ती त्याच अब्दुलला जीपखाली घालते तेव्हा हॉलमध्ये टाळी नाही पडली, आपल्या देशाची मुलगी असून नाही पडली. हे मेघना बाईंनी साधलंय, आणि पुस्तकात हाच प्रसंग वाचताना मला एवढं काही झालं नव्हतं, पुस्तक फार घाईत पळतं आणि सेहमत जरा जास्तच कर्तबगार आहे त्यात, तिला जमत नाही असं काही नाहीच.

दुसरी जागा शाळेतल्या गाण्याची. आर्मीवाल्यांच्या कार्यक्रमासाठी ती पाकिस्तानी मुलांकडून देशावरचं गाणं बसवून घेते. मुलं आपल्या देशासाठी गातायत, ती त्यांच्यात उभी राहून तेच शब्द आपल्या देशासाठी म्हणतेय, समोर बसलेले सगळे खूश. एकही गोळी नाही, पाठलाग नाही, आणि दुहेरी आयुष्य म्हणजे काय ते एका गाण्यात सांगून झालं. कादंबरीला हे करायला पानंच्या पानं मनातले विचार लिहावे लागतात. गुलजारांना या सिनेमातल्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं, सिनेमाला, दिग्दर्शनाला आणि सेहमत झालेल्या आलिया भट्टलाही मिळालं, पण बक्षिसांचं सोडा, त्यावर मी सिनेमे जोखत नाही.

आता कोण म्हणेल की शेवट माहीत असला की कसली आलीय धाकधूक. पुस्तक वाचलेल्यांची हीच तर तक्रार असते. त्यांना मी 'द डे ऑफ द जॅकल' बघा म्हणेन, फ्रेडरिक फोर्सिथची कादंबरी १९७१ ची, फ्रेड झिनेमनचा सिनेमा १९७३ चा. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी दिलीय एवढीच गोष्ट, आणि द गॉल १९७० मध्ये आपल्या घरी वारले हे अख्ख्या जगाला ठाऊक होतं! म्हणजे मारेकरी फसणार हे पहिल्या पानाच्या आधीपासून माहीत. तरी बसल्या जागेवरून हलवत नाही, कारण सगळी मजा 'कसं' मध्ये आहे. तो जंगलात झाडाला कलिंगड टांगतो, त्यावर तोंड रंगवतो, लांब जाऊन एक गोळी मारतो, दुर्बिणीचा स्क्रू जरासा फिरवतो, परत मारतो, परत फिरवतो, आणि मग स्फोटक गोळीने कलिंगडाच्या चिंधड्या. त्यावर ना डायलॉग ना ढॅणढॅण म्युझिक. दुसऱ्या बाजूला तो थकल्यासारखा दिसणारा पोलीस अधिकारी हॉटेलांची नावनोंदणी कार्डं तपासून घेतोय, रात्रभर, कार्डांमागून कार्डं. आणि हिरोसारखा मोठा स्टार मुद्दाम घेतला नाही, एडवर्ड फॉक्स तेव्हा फारसा माहीत नव्हता, त्यामुळे गर्दीत हरवतो, मारेकऱ्याने हरवायलाच हवं. पुढे १९९७ मध्ये ब्रूस विलिसला घेऊन अमेरिकन पद्धतीने परत काढला त्यात बंदूक केवढी थोरली, आणि भीती मात्र शोधून सापडत नाही.

एक नक्की, आपल्या लोकांना रहस्यकथा वाचायची सवय जुनी. लायब्ररीतल्या बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांचं शेवटचं पान कोणी फाडून नेलेलं असायचं नाहीतर कोणी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असायचं, तरी माणसं नंबर लावून तीच पुस्तकं न्यायची.

तर 'राझी'त खोट नाही असं मुळीच नाही, फक्त ती पत्रलेखकांनी दाखवली तिथे नाही. ट्रेनिंगचा भाग फार चटकन उरकलाय, रक्त बघून घाबरणारी कॉलेजातली पोर थोड्या दिवसांत इतकी तयार होते हे गळी उतरत नाही. तिला शिकवणारा म्हणून जयदीप अहलावत समोर उभा आहे म्हणून चालून जातं. आणि मोठी खोट समुद्राची. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, घरटी एक नाहीतर दोन माणसं बोटीवर नाहीतर नेव्हीत, त्यामुळे ती लगेच टोचते. गोष्टीचा सगळा डोलारा आपलं विमानवाहू जहाज विक्रांत वाचवण्यावर, पण एकाहत्तरला समुद्रात जे झालं ते स्वतःच एक नंबरची हेरगिरी होती. विक्रांत अंदमानकडे नेऊन लपवलेली, आणि व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी जुनी विनाशिका राजपूत विशाखापट्टणमजवळ ठेवून तिच्यावरून असे वायरलेस संदेश सोडले की ऐकणाऱ्याला वाटावं विक्रांत इथेच आहे. पाकिस्तानची गाझी पाणबुडी तिला शोधत आली आणि ३ डिसेंबरच्या रात्री तिथेच बुडाली. तो सगळा खोटा संसार मांडणारे नेव्हीवाले सिनेमात जवळपास नाहीतच, बघणाऱ्याला वाटतं एका मुलीच्या खटक्यांवर युद्ध निभावलं. तिचं श्रेय कमी करा असं नाही म्हणत मी, पण इकडे रावळपिंडीच्या न्हाणीघरात खटके आणि तिकडे राजपूतवर खोटे खटके, हे दोन्ही आलटून पालटून दाखवले असते तर काय बहार आली असती. पुस्तक लिहिणारा माणूस स्वतः नेव्हीतला, त्याला तर हे आमच्याहून जास्त माहीत.

आमच्या किनाऱ्याला या गोष्टी नुसत्या पडद्यावरच्या नाहीत. १९९३ मध्ये वर रायगडात दिघी आणि शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांचा माल उतरला तेव्हा कोणी गॉगलवाला हेर आला नव्हता, ट्रक आले, हमाल आले, ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं नाही. आणि २६/११ नंतर मच्छीमारांची ओळखपत्रं, अनोळखी होडी दिसली तर कळवा, बंदरावर नोंदवही, हे सगळं कंटाळवाणं काम म्हणजेच खरी हेरगिरी. म्हणून ज्या सिनेमात माणूस नुसता बघत बसलेला, मोजत बसलेला, वाट बघत बसलेला दाखवतात आणि तरी आपण मोबाईल काढत नाही, त्याला मी मानतो.

शेवटी तुम्हाला एक सुचवायचंय. आमच्या तालुक्यात एकाहत्तरला नेव्हीत असलेली काही माणसं अजून आहेत, वय सत्तरी-ऐंशीच्या पुढचं पण आठवण खणखणीत. तुमच्या पुरवणीत सिनेमाच्या निमित्ताने त्यांचंही छापा की. वार्ताहर पाठवलात तर चारनंतर पाठवा, दुपारी जेवून आडवी झालेली असतात आणि उठवलं तर काही सांगणार नाहीत.

आपला,
एक वाचक,
देवगड