मॅडम, तुमच्या त्या एका प्रश्नासाठी

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तुम्ही आम्हाला अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माईस अँड मेन’ शिकवलीत. त्या शिकवण्याबद्दल आणि त्यानंतर आमच्या घरासाठी जे केलंत त्याबद्दल मनापासून आभार मानायला हे पत्र लिहितेय. ते उघडपणे लिहितेय, कारण सतत कोणीतरी जवळ लागतं असं माझ्या दादासारखं माणूस ज्या घरात आहे तिथवरही ते पोचावं असं वाटतं.

१९३७ साली आलेली ही छोटीशी कादंबरी. मंदीच्या काळातला कॅलिफोर्निया, सोलेदाद गावाजवळची रँच, म्हणजे मोठी शेतवाडी, महिना पन्नास डॉलरवर धान्याची पोती उचलणारे फिरते मजूर. बहुतेकांचं कोणीच नाही. जॉर्ज आणि लेनी तेवढे एकमेकांना धरून आहेत. लेनी अंगानं दांडगा, समजेनं लहान मूल. या पुस्तकाचं नाव निघालं की लोक त्या दोघांच्या स्वप्नाबद्दल बोलतात: दहा एकर जमीन, ससे, सशांसाठी लसूणघास. तुम्ही आम्हाला आधी जॉर्जनं केलेली तजवीज बघायला लावलीत. लेनीचं कामाचं कार्ड तो स्वतःच्या खिशात ठेवतो. मालकासमोर तू एक शब्द बोलायचा नाहीस, हे त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतो. हा माझा चुलतभाऊ, लहानपणी डोक्यात घोड्यानं लाथ मारली, असं मालकाला खोटंच सांगतो. आणि काही अघटित घडलंच तर सालिनास नदीकाठच्या झुडपात लपून माझी वाट बघ, हेही बजावून ठेवतो. विसराळू लेनी बाकी सगळं विसरतो, पण ही जागा विसरत नाही.

मालकाला वाटतं, जॉर्ज याचा पगार लाटत असणार. एखादा माणूस दुसऱ्यासाठी एवढं करतो यावर त्या रँचवर कोणाचा विश्वासच बसत नाही. तो भाग तुम्ही वाचत होतात तेव्हा मला माझी आई दिसत होती.

आणि मग तुम्ही विचारलंत, “रविवारी दुपारी लेनीजवळ कोण होतं?”

वर्गात कोणालाच उत्तर देता आलं नाही. बाहेर पुरुषमंडळी घोड्याचे नाल फेकायचा खेळ खेळत होती. लेनी कोठारात एकटा, हातून मेलेल्या पिल्लापाशी. तिथे मालकाचा मुलगा कर्ली, त्याची बायको येते. तीही तितकीच एकटी, लेखकानं तिला नावसुद्धा दिलेलं नाही. पुढे लेनीच्या हातून तिचा जीव जातो, आणि शेवटी नदीकाठी जॉर्जच लेनीला गोळी घालतो. जॉर्जनं संकटानंतर कुठे जायचं ते ठरवलं होतं. पण तो जवळ नसेल त्या वेळी लेनीकडे कोणी बघायचं, हे ठरलेलं नव्हतं. आणि जिथे जिथे जॉर्ज मन मोकळं करतो तिथे माणसं पुढे येतात, हेही तुम्हीच दाखवलंत. वीड गावात लेनीनं एका मुलीचा झगा धरून ठेवला आणि दोघांना पळून यावं लागलं, ती हकीकत तो रँचवर खेचरं हाकणाऱ्या स्लिमला सांगतो, आणि लेनीच्या मुठीत कर्लीचा हात चिरडतो तेव्हा तोच स्लिम कर्लीला गप्प करतो: हात यंत्रात सापडला असं सांगायचं. जमिनीची गोष्ट रँचवर झाडलोट करणाऱ्या कँडीच्या कानावर पडते आणि तो म्हातारा आपली सगळी पुंजी द्यायला तयार होतो. मला जॉर्जला दोष द्यायचा नाही. बेघर मजुरानं एकट्यानं जितकं केलं तितकं सख्खी माणसंही करत नाहीत. पण त्याची सगळी योजना एका माणसावर उभी होती.

आमचीही तशीच होती, आईवर. तास संपल्यावर मी तुम्हाला दादाबद्दल सांगितलं, आणि त्याच आठवड्यात तुम्ही घरी आलात. आईला उपदेश केला नाहीत. वही मागितलीत आणि आठवड्यातला एकेक तास विचारत गेलात: या वेळी कोण? आई दवाखान्यात असेल तर कोण? रिकाम्या जागा भरायला तुम्ही आईबरोबर शेजारच्या काकूंकडे गेलात, कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडे गेलात. दादाला फिट येते तेव्हा काय करायचं, त्याला कशाची भीती वाटते, हे आईनं पहिल्यांदा बाहेरच्या माणसांना सांगितलं. इतकी वर्षं ती ते झाकून ठेवत होती. ऐकल्यावर कोणीही मागे सरलं नाही. काकूंनी तर गुरुवारची संध्याकाळ स्वतःहून मागून घेतली.

आता दादा कार्यशाळेत कागदी पिशव्या करायला जातो. चुकामूक झाली तर एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीशी थांबायचं, हे त्याला पाठ आहे, आणि खिडकीतल्या माणसांनाही तो माहीत आहे. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वहीतल्या सगळ्यांनी आपापली वेळ सांभाळली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं तुम्हाला भेटायला येतोय. वहीत ‘मी मेले तर काय’ हे पान अजून कोरं आहे, असं आई म्हणते. ते तुमच्यासमोर बसून भरायचं आहे.

तुमची विद्यार्थिनी