शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: सोडतीत नाव लागलं, शाळा मिळाली नाही

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

साहेब, काल पडताळणी समितीने माझ्या मुलीचा पहिलीचा प्रवेश रद्द केला. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी ज्या २५ टक्के जागा राखीव असतात, त्यांच्या सोडतीत तिची निवड झाली होती, तसा मोबाईलवर मेसेज आला होता. जन्मदाखला बरोबर आहे. वय बसतं, ३१ डिसेंबरच्या आत तिला सहा पूर्ण होतात. जातीचा दाखला आहे. अडलं ते भाडेकरारावर. करार अकरा महिन्यांचा आहे, रीतसर नोंदवलेला आहे, पण नोंदणीची तारीख अर्ज सुरू झाल्याच्या तारखेनंतरची आहे. टेबलामागच्या बाईंनी तो उघडून पाहिला, तारखेवर बोट ठेवलं आणि फाईल परत ढकलली. यंदा परत संधी नाही म्हणाल्या. मुलगी शेजारी उभी होती, तिला वाटलं काम झालं.

तुमच्या कामाच्या व्यापात हे पत्र पोचलंच, तर आधी एवढी विनंती आहे की हा नियम ज्यांनी लिहिला त्यांना एकदा पुण्याजवळच्या भोसरीला पाठवा. माझे मिस्टर इथल्या एमआयडीसीत कंत्राटावर आहेत, मी घरी शिलाईकाम करते. आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत राहतो. अशा खोल्यांचे मालक करार नोंदवून देत नाहीत. भाडेकरू कायमचा बसेल याची त्यांना भीती असते, आणि पुष्कळदा त्यांच्याच बांधकामाचा कागद धड नसतो. लाईट बिल त्यांच्या नावावर येतं. आमचं रेशनकार्ड परभणीकडे सासूबाईंच्या घरात आहे. आधारवर गावचाच पत्ता आहे, आणि तो बदलायला गेलं की पुन्हा इथल्या पत्त्याचा पुरावा मागतात. मालकाच्या हातापाया पडून, नोंदणीचा सगळा खर्च आमच्या अंगावर घेऊन करार झाला, तोवर तुमची तारीख उलटली होती. आम्ही गेली कित्येक वर्षं याच गल्लीत राहतो हे किराणा दुकानदार सांगेल, अंगणवाडीच्या ताई सांगतील, पोलिओचा डोस पाजायला येणाऱ्या बाई सांगतील. त्यांना कोणी विचारलं नाही.

जातीच्या दाखल्याचंही ऐका. आम्ही ओबीसी. तुमच्याच सरकारचा नियम आहे की १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्या. माझे सासरे शाळेची पायरी चढलेच नाहीत, गुरं राखली आणि सालगडी म्हणून राबले. त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणू? तहसीलला गेलो तर म्हणाले, कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढा. बुकाची पानं हात लावला की तुटतात, आणि जी सापडली त्यात आडनाव वेगळंच लिहिलेलं. शेवटी चुलत सासऱ्यांचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातली नोंद, मिळाला. मग वंशावळ, मग प्रतिज्ञापत्र, मग सेतूतल्या माणसाचे वरचे पैसे. मिस्टरांचे खाडे झाले ते वेगळेच. कंत्राटात खाड्याचा पगार मिळत नाही, साहेब, आणि जास्त खाडे झाले तर दुसरा माणूस उभा असतो. आजोबाला शाळा मिळाली नाही म्हणून नातीसाठी ही योजना काढली ना? मग त्याच आजोबाच्या शाळेचा कागद तिच्याकडून का मागता?

कोणी म्हणेल, उत्पन्नाच्या दाखल्यावर अर्ज करायचा. त्याची मर्यादा वर्षाला एक लाख आहे. म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. तुमच्याच कामगार खात्याने ठरवलेलं किमान वेतन याहून जास्त आहे. म्हणजे ज्याचा मालक कायद्याप्रमाणे पगार देतो तो कामगार तुमच्या हिशेबात गरीबच नाही. ही मर्यादा इतक्या वर्षांत कोणाला बदलावीशी वाटली नाही. या काळात आमदारांचे पगार किती वेळा वाढले ते तुम्हीच सांगा.

मी बारावीपर्यंत शिकले आहे. काल रात्री बसून कायदा वाचला. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. आई-बापावर त्यात एक कलम आहे, दहावं, की मुलाला शाळेत घालावं. आम्ही तेच करायला निघालो आहोत. आठवं कलम सरकारवर आहे. प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईल हे सरकारने बघायचं आहे. चौदाव्या कलमात तर लिहिलंय की वयाचा पुरावा नाही म्हणूनही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. तरी शाळेत गेलं की पहिला प्रश्न आधारचा. कारण शिक्षकांची पदं तुम्ही आधार जुळलेल्या मुलांवर मोजता. शिक्षकांची पदं टिकवायची म्हणून मुख्याध्यापक आमच्या मागे लागतात. त्यांना मी काय बोलणार.

प्रवेश मिळाला त्यांचं तरी सुख आहे का? आमच्या शेजारच्या मुलाला आरटीईतूनच प्रवेश मिळाला. शाळेने पुस्तकं, गणवेश, ॲक्टिव्हिटीच्या नावाखाली हजारो रुपये मागितले. त्याच्या आईने कायद्याचं नाव काढलं तर ऐकवलं की सरकारच आमचे पैसे देत नाही. या मुलांच्या फीपोटी एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये तुम्ही शाळांना द्यायचे. थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेली असं संस्थाचालकांच्या संघटना सांगतात. आकडा खोटा असेल तर तुम्ही खरा जाहीर करा. शाळा तुमच्यावरचा राग आमच्या लेकरांवर काढतात, त्यांना वर्गात वेगळं वागवतात, आणि तुम्ही म्हणता संस्थाचालक ऐकत नाहीत.

आणि तुम्हाला ही योजना मुळात हवी होती का? ९ फेब्रुवारी २०२४ ला तुमच्या खात्याने अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला हे २५ टक्के लागू नाहीत. शहरात अशी शाळा एक किलोमीटरवर नाही असा कोपरा दाखवा. आई-बाप हायकोर्टात गेले, १९ जुलै २०२४ ला कोर्टाने ती रद्द केली. तोवर शाळा सुरू होऊन महिना झाला होता. त्या वर्षी पहिलीला असलेली मुलं पावसाळ्यात घरी बसून होती. त्याची भरपाई कोणी केली? दारातून काढता आलं नाही म्हणून आता कागदावरून काढताय, असं मी म्हटलं तर राग मानू नका. २०२५-२६ ला जागा सुमारे १ लाख ९ हजार आणि अर्ज तीन लाखांच्या वर. त्या तीन लाखांत माझं एक मूल. नशीब काढून नाव आलं आणि तुम्ही तारखेवरून घालवलं.

काल समितीच्या दारातच एक साहेब म्हणाले, "ताई, एवढा त्रास कशाला, महापालिकेच्या शाळेत घाला." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, मला त्या शाळेची लाज नाही. आमच्या गुरुजींनी मला लिहायला शिकवलं म्हणून आज हे पत्र लिहिते आहे. पण ते गुरुजी तुम्ही ठेवलेत कुठे? ते मतदार याद्या घेऊन गल्लीत फिरतात, माहिती ऑनलाईन भरत बसतात. वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४ हजारांवर शाळांची यादी काढून २०२३ मध्ये त्या एकत्र करायला निघालात. पट का घसरला, याचं उत्तर तुमच्याच कार्यालयात आहे.

२०२४ चा 'एक राज्य एक गणवेश' आठवतो का? मी शिलाई करते, मला आठवतो. कापड वरून कापून आलं, बचत गटांच्या बायकांना एका गणवेशाला शंभर-एकशेदहा रुपये शिलाई. मापं चुकलेली. कितीतरी मुलांना १५ ऑगस्टला जुन्याच कपड्यात झेंडावंदन करावं लागलं. डिसेंबरात निर्णय गुंडाळला. ज्या शाळेच्या समितीला आपल्या मुलांची मापं ठाऊक होती, तिच्या हातून काम काढून मुंबईत बसून सगळ्या महाराष्ट्राची मापं घ्यायला गेलात. माझ्या भाडेकराराचंही तेच झालं आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर कमिशनपुढे मागितलं होतं की बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या आई-बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेत आणणाऱ्याला परत पाठवा असं त्यांनी कुठल्या हुकुमात लिहिलं नव्हतं. भाषणात त्यांची नावं घेताना तुमच्या लोकांनी हे लक्षात ठेवावं.

मला काय हवंय ते सांगते. भाडेकराराची तारीख बघू नका, मूल इथे राहतं का ते बघा. अंगणवाडीची नोंद पुरावा म्हणून धरा. ज्यांना निवासाच्या कागदावरून काढलं त्यांची घरी जाऊन चौकशी करा, तोवर त्यांची जागा दुसऱ्याला देऊ नका. आणि माझ्या मुलीला का नाकारलं ते लेखी द्या. काल मी समितीकडे लेखी मागितलं तर म्हणाले, तशी पद्धत नाही. शाळा सुरू व्हायच्या आत मला तो कागद हवा, त्यावर कायद्याचं कलम हवं आणि खाली अधिकाऱ्याची नावासकट सही हवी. तो कागद घेऊन मला शिक्षणाधिकाऱ्यांकडे अपील करायचं आहे, आणि तिथेही काही झालं नाही तर कोर्टात जायचं आहे.

आपली,
भोसरीतली एक आई