त्या स्क्रीनमागे माणूस होता

संपादक साहेब, नमस्कार.

टचस्क्रीनचा विषय निघाला की सगळे २००७ च्या आयफोनपासून सुरुवात करतात, म्हणून लिहितोय. मी १९८६ ला आईला घेऊन फ्लोरिडाला दादाकडे गेलो होतो, तेव्हा आमच्या घरी साधा फोनसुद्धा नव्हता, नंबर लावून वर्षं झाली होती, आणि तिकडे ऑर्लँडोजवळ डिस्नेच्या एपकॉट सेंटरमध्ये लोक स्क्रीनला बोट लावून माहिती घेत होते!

हे पार्क १ ऑक्टोबर १९८२ ला सुरू झालं. तिथे स्पेसशिप अर्थ म्हणून १८० फूट उंच गोळा आहे, त्याच्या पायथ्याशी अर्थ स्टेशन नावाचा हॉल होता आणि तिथे हे वर्ल्डकी नावाच्या माहिती यंत्रणेचे स्क्रीन. बेल टेलिफोनवाल्यांचं तंत्रज्ञान. बोट लावलं की पार्कमधल्या जागांची चित्रं दिसायची, सोबत बोलून माहिती, हे सगळं लेसरडिस्कवर, म्हणजे सीडीसारख्या मोठ्या तबकडीवर साठवलेलं. आईने आधी पदराने काच पुसली, मगच बोट लावलं.

पण मला सांगायचंय ते पुढचं. जेवायचं टेबल बुक करायचं असलं की स्क्रीनवर चक्क जिवंत माणूस यायचा, कॅमेरा आणि माइक असल्यामुळे तो पण आपल्याला बघायचा, ऐकायचा. आमच्या वेळी एक बाई आल्या, आम्ही शाकाहारी आहोत म्हटल्यावर त्यांनी पार्कमधल्याच मेक्सिको विभागातल्या हॉटेलात काय चालेल ते नीट समजावून सांगितलं आणि टेबल दिलं, आई तर निघताना स्क्रीनला नमस्कार करून आली.

आता गेल्या दिवाळीत नातवाला घेऊन इथल्या एका पार्कात गेलो, बायकोचे गुडघे दुखायला लागले म्हणून व्हीलचेअर कुठे मिळते ते तिथल्या कियॉस्कवर, म्हणजे माहितीच्या टचस्क्रीनवर शोधत होतो. राइड, फूड, तिकीट, ऑफर, सगळं होतं, व्हीलचेअर कुठेच नाही, आणि विचारायचं तर कोणाला? पुढे जायला मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका. ती तोपर्यंत उन्हात कट्ट्यावर बसून, शेवटी एका सफाईवाल्या ताईंनी आणून दिली.

चाळीस वर्षांपूर्वी, व्हिडिओ कॉल घरोघरी नव्हता तेव्हा जे जमलं, ते आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना का जमू नये? पार्कवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, त्या कियॉस्कवर पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात, मराठीत एक बटण द्या, ‘माणसाशी बोला’. आणि ते दाबल्यावर खरंच कोणीतरी बोलायला असू द्या.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली