नियम बदला, पण बदललेत ते सांगा

संपादक महोदय, नमस्कार.

गेमिंगबद्दल पेपरात काहीही आलं तरी मी वाचतो, पण एका विषयावर कधी काही दिसत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचे रोलप्लेइंग गेम असतात ना, डन्जन्स अँड ड्रॅगन्स वगैरे, त्यांच्यावरून व्हिडिओ गेम बनतो तेव्हा नियमांच्या पुस्तकातले नियम जसेच्या तसे घ्यायचे की बदलायचे, यावरून खेळणाऱ्यांत कायम वाद चालू असतात. मी बरीच वर्षं आमच्या ग्रुपचा डीएम आहे, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि अडलं की निवाडा देणारा, आणि मला मनापासून वाटतं की "शब्दन्शब्द पाळा" म्हणणारेही चुकतायत आणि "मजा येतेय ना, मग झालं" म्हणणारेही.

पुस्तकातले नियम लिहिलेतच मुळी समोर एक माणूस बसलाय हे धरून. मायनर इल्युजन हा मंत्र घ्या, छोटासा भास तयार करायचा. टेबलावर खेळाडू मला विचारतो, खोक्याचा भास करून त्याच्यामागे लपू का, दाराबाहेर पावलांचा आवाज काढू का, आणि मी विचार करून हो किंवा नाही सांगतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सवरून बनवलेल्या 2023 च्या बाल्डर्स गेट 3 या व्हिडिओ गेममध्ये तोच मंत्र टाकला की एक मांजर दिसतं आणि पहारेकरी ते बघायला येतात, एवढंच. यात मी तो बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओला दोष देणार नाही, कॉम्प्युटरला खेळाडूच्या डोक्यात आयत्या वेळी काय येईल ते कसं कळणार. पण त्याच गेममध्ये मेलेल्यांशी बोलायचा मंत्र आहे, पुस्तकात जास्तीत जास्त पाच प्रश्न तसे इथेही पाच, आणि कितीतरी प्रेतांसाठी त्यांनी बसून खरीखुरी उत्तरं लिहिलीयत. मला विचाराल तर प्रामाणिकपणा तो.

लढाईचंही तसंच. 1998 च्या पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये पाळीपाळीने खेळणं काढून सगळे एकाच वेळी लढतात आणि आपण पॉज करून हुकूम देतो, पण आत सहा सेकंदांचा राउंड, म्हणजे पाळीचा एक फेरा, चालूच असतो. उलट 2003 च्या टेंपल ऑफ एलिमेंटल ईव्हिलने नियमपुस्तकाच्या 3.5 आवृत्तीतले लढाईचे नियम जवळजवळ पुस्तकासारखे घेतले, गेममध्ये बग भरपूर होते तरी त्या लढायांसाठी लोक अजून तो काढून खेळतात. मला दोन्ही आवडतात, त्यामुळे टर्न-बेस्ड (पाळीपाळीने) की रिअल टाइम (सगळे एकाच वेळी) या भांडणात मला फारसा रस नाही.

माझं दुखणं विश्रांतीचं आहे. नियमपुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत मोठी विश्रांती, म्हणजे वापरलेले मंत्र परत मिळवून देणारी झोप, 24 तासांत एकदाच फायद्याची, म्हणून जादूगार प्रत्येक मंत्र जपून वापरतो, आत्ता टाकू की पुढच्या खोलीसाठी ठेवू, अर्धा खेळ याच विचारात आहे. बाल्डर्स गेट 3 मध्ये ती अट नाही, नेहमीच्या डिफिकल्टीवर झोपायला 40 कॅम्प सप्लाय, म्हणजे मुक्कामाची शिधासामग्री, लागतात खरे, पण ते वाटेत इतके मिळतात की दर लढाईनंतर झोपलं तरी चालतं. म्हणजे मंत्र किती टाकायचे ते पुस्तकाप्रमाणे मोजून दिलं आणि ते मोजायचं कारणच काढून टाकलं. असा बदल मला अजिबात पटत नाही, कारण इथे नियम वरवर तसाच दिसतो आणि आतून पोकळ होतो.

आणि फासा. पुस्तकात वीस बाजूंच्या फाशावर 20 पडला की हमखास यश आणि 1 पडला की हमखास अपयश हे हल्ल्यापुरतंच, कुलूप उघडण्यासारख्या कौशल्याला ते लागू नाही. बाल्डर्स गेट 3 मध्ये लागू आहे, म्हणजे चांगला मुरलेला चोर असला तरी साधं कुलूप दर 20 वेळेला सरासरी एकदा उघडत नाही. ठीक आहे, बऱ्याच टेबलांवर असं खेळतात, आणि निदान हा फासा आपल्या डोळ्यांसमोर गडगडतो. पण कार्मिक डाइस नावाचं सेटिंग आहे, लागोपाठ वाईट आकडे येऊ नयेत म्हणून पडद्याआड फासा सावरून घेतं, आणि ते सुरुवातीपासून चालूच असतं. कितीतरी जणांना ते आहे हेच माहीत नाही! मी टेबलावर न सांगता असे फासे फिरवले असते तर माझ्यासोबत परत कुणी खेळायला बसलं नसतं.

मार्ग नाही असंही नाही. याच गेममध्ये नंतर ऑनर मोड आला, एकच सेव्ह, मागे जाऊन पुन्हा लोड करायची सोय नाही, आणि तो लावला तेव्हा मला पहिल्यांदा टेबलावरची ती धाकधूक जाणवली, एका दारासमोर मी पाच मिनिटं नुसता विचार करत बसलो होतो. म्हणून स्टुडिओंना माझी एवढीच मागणी आहे की गेम सुरू होतानाच एक साधं पान द्यावं, पुस्तकातला कुठला नियम बदलला, कुठला गाळला आणि का, आणि फाशाला हात लावणारं कुठलंही सेटिंग आधी बंद ठेवून खेळाडूला विचारूनच चालू करावं.

आपला,
एक नियमित वाचक