परदेशी निघालेल्या आईवडिलांची तयारी कागदांपासून हवी

महोदय,

शाळांना सुट्ट्या लागल्या की मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांची मुंबई विमानतळावर गर्दी होते. त्यांतले कितीतरी जण साठी-सत्तरीतले असतात आणि पहिल्यांदाच विमानात बसणारे असतात. तिकीट मुलगा तिकडून काढतो, व्हिसाचा अर्ज सून भरते, विमा जावई घेतो आणि सगळे कागद फोनवर येऊन पडतात. घरात महिनाभर चर्चा चालते ती चकल्या, मेतकूट आणि गोडा मसाला किती न्यायचा याची. परदेश प्रवासाच्या कागदपत्रांचे काम आम्ही करतो. वाटेत अडकणाऱ्या ज्येष्ठांची अडचण बहुतेक वेळा सारखीच असते. कागद असतात, पण त्यांवर काय लिहिले आहे ते त्यांनी स्वतः वाचलेले नसते. म्हणून हे पत्र.

सुरुवात नावापासून करावी. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन शब्द असतात, पासपोर्टवर मात्र रकाने दोनच. ‘शुभांगी रमेश’ पहिल्या नावाच्या रकान्यात आणि ‘पाटील’ आडनावाच्या रकान्यात असेल, तर तिकीट, व्हिसा आणि विमा या तिन्हींवर नाव अगदी तसेच हवे. काही पासपोर्टांवर सगळे शब्द एकाच रकान्यात असतात आणि आडनावाची जागा मोकळी असते. अशा वेळी अमेरिकेच्या व्हिसावर सगळे नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाऐवजी ‘एफएनयू’, म्हणजे ‘नाव अज्ञात’, अशी अक्षरे छापून येतात. मग तिकिटाशी मेळ बसत नाही. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकाच शब्दाचे नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश बंद केला. वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर असेल तर चालेल, असा खुलासा नंतर आला. लग्नाआधीचे नाव वेगळे असेल तर अमेरिकेच्या अर्जात ‘इतर नावे’ या प्रश्नापुढे ते लिहावेच लागते. सून अर्ज भरते तेव्हा सासूबाईंचे माहेरचे नाव तिला ठाऊक असतेच असे नाही.

नावात दुरुस्ती हवी असेल तर पासपोर्ट नव्याने काढावा लागतो. ३६ पानी पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये, तत्काळसाठी वर २,००० रुपये. पोलिस पडताळणी निघाली तर वेळ लागतो, म्हणून हे काम व्हिसाच्या अर्जाआधी, निदान ३ महिने हाताशी ठेवून करावे. मुदतही तेव्हाच पाहावी. बरेच देश ६ महिने शिल्लक मागतात. युरोपात एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन देशांसाठी पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा.

व्हिसा मिळाला की त्यावरचे नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा भिंग घेऊन तपासाव्यात. सर्वांत महागात पडणारा गैरसमज इथेच असतो. अमेरिकेचा व्हिसा बहुधा १० वर्षांचा मिळतो, पण त्याचा अर्थ एवढाच की त्या काळात तुम्ही प्रवेश मागू शकता. किती दिवस राहायचे ते तिथे उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी ठरवतो. सहसा ६ महिने मिळतात आणि त्याची नोंद आय-९४ या संगणकीय कागदावर होते. घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तो कागद संकेतस्थळावरून काढून त्यावरची शेवटची तारीख पाहावी. अधिकाऱ्याने कमी दिवस दिले असतील किंवा नोंदच चुकली असेल, तर ते तेव्हाच कळते. ही तारीख एका दिवसाने जरी ओलांडली तरी तो १० वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो. नातवाच्या वाढदिवसासाठी मुक्काम आठवडाभर वाढवायचा असेल, तर आधी रीतसर अर्ज करावा लागतो.

युरोपचे गणित निराळे. २९ शेंगेन देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. आल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस हे दोन्ही त्यात मोजतात. व्हिसावर ‘दिवस’ या रकान्यात ३० लिहिले असेल तर ३०च, मग व्हिसाची मुदत कितीही असो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमांवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकावर नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे दिवस यंत्रच मोजते. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. मुलगी जर्मनीत आणि भाचा लंडनला असेल, तर लंडनहून जर्मनीत परत शिरण्यासाठी शेंगेन व्हिसावर एकापेक्षा जास्त प्रवेशांची परवानगी असावी लागते. ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

तिकिटावरची वेळ नीट वाचा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. मुंबईहून अमेरिका-युरोपकडे जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ०१.३० असे असेल तर घरातून १४ तारखेच्या संध्याकाळी निघायचे. १५च्या रात्री पोचणाऱ्यांचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते आणि पुढचे तिकीटही त्याबरोबर जाते. विमानतळाचे नावही पाहावे. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. ‘बीओएम’ म्हणजे सहारचा, ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबईचा. सामान देण्याची खिडकी बहुतेक कंपन्या सुटण्याआधी १ तास बंद करतात, म्हणून ३ तास आधी आणि सुट्टीच्या दिवसांत ४ तास आधी पोचलेले बरे.

मधे विमान बदलायचे असेल तर दोन गोष्टी मुलांना आधीच विचारून ठेवाव्यात. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत का? स्वस्त पडते म्हणून वेगवेगळी तिकिटे काढली असतील, तर मधल्या गावी सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. तो नसेल तर मुंबईतच विमानात चढू देत नाहीत. दुसरा प्रश्न अमेरिकेचा. सामानाच्या चिठ्ठीवर शेवटचे गाव छापलेले असले, तरी अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरतो तिथे पट्ट्यावरून बॅगा उचलून, कस्टमपुढून नेऊन पुन्हा सोपवाव्या लागतात. हे न कळल्याने माणसे पुढच्या गावी पोचतात आणि बॅगा मागे राहतात. अबू धाबीहून अमेरिकेला जाणाऱ्यांची इमिग्रेशन तपासणी मात्र अबू धाबीतच होते, त्यामुळे तिथे मधला वेळ भरपूर हवा.

व्हीलचेअर हवी असल्यास तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी नोंदवावी. तिचे पैसे पडत नाहीत. गुडघे दुखत असतील तर संकोच करू नये, कारण मोठ्या विमानतळांवर दारापासून विमानापर्यंत खूप चालावे लागते. पासपोर्ट, पैसे आणि औषधांची पिशवी मात्र खुर्ची ढकलणाऱ्याच्या हाती न देता मांडीवर ठेवावी. शाकाहारी जेवणही आधी नोंदवावे लागते. ‘एव्हीएमएल’ म्हणजे आपल्या पद्धतीचे शाकाहारी, ‘व्हीजेएमएल’ म्हणजे जैन. ‘व्हीजीएमएल’ मागितले तर दूध-दह्याशिवायचे ताट येते.

आता सामान. सुके खोबरे नेऊ नये. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडते आणि मुंबईतच काढून घेतात. खसखस अमिराती, सौदी अरेबिया, कतार आणि सिंगापूरला अजिबात नेऊ नये. तिथे ती अमली पदार्थांत धरतात आणि त्यापायी आपल्याकडच्या माणसांनी तुरुंग पाहिला आहे. खसखस घातलेला घरचा मसाला आणि अनारसेही त्यातच आले. अमेरिकेत भारतातून तांदूळ नेता येत नाही, कारण धान्याला लागणाऱ्या खापरा किड्याची त्यांना धास्ती आहे. ताजा कढीपत्ता आणि आंबेही चालत नाहीत. युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेण्यास बंदी आहे, तेव्हा तूप, पेढे आणि बर्फीचा विचार सोडावा. हापूसची पेटीही. उरलेले खाण्याचे पदार्थ विचारल्यावर ‘आहेत’ म्हणून सांगावेत. सांगितलेली वस्तू फार तर टाकून देतात, लपवलेल्या वस्तूला दंड होतो.

लोणचे, चटणी आणि तेल हे तपासणीच्या हिशेबाने द्रवच. हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, म्हणून ते मोठ्या बॅगेत दुहेरी पिशवीत घालावे. पॉवर बँक याच्या उलट. ती मोठ्या बॅगेत मुळीच नको, हातातच हवी. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक ७४ वॅट-तासांची भरते, म्हणजे चालते. बॅगा घरीच काट्यावर तोलाव्यात. तिकिटावर २३ किलो लिहिले असेल तर २२वर थांबावे. मिक्सर अमेरिकेला नेण्यात अर्थ नाही. तिथे वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर २३०चा.

औषधांबाबत हयगय नको. पूर्ण मुक्कामाची आणि वर १५ दिवसांची औषधे न्यावीत, पण अमेरिकेत ९० दिवसांपेक्षा जास्तीचा साठा असेल तर प्रश्न विचारतात, तेव्हा डॉक्टरांचे पत्र हवेच. गोळ्या स्टीलच्या डबीत ओतू नयेत, मूळ पाकिटांतच ठेवाव्यात. डॉक्टरांकडून संगणकावर छापलेली, इंग्रजीतली चिठ्ठी घ्यावी आणि तीत ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि आजार लिहून घ्यावा. आपल्या ब्रँडची नावे तिकडच्या दुकानदाराला कळत नाहीत. साधे पॅरासिटामॉलसुद्धा अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने मिळते. सगळी औषधे हातातल्या पिशवीत हवीत. इन्सुलिन तर नक्कीच, कारण मोठ्या बॅगेत ते गोठून निकामी होऊ शकते. औषधांना १०० मिलिलिटरची अट नाही, फक्त तपासणीच्या वेळी ती बाहेर काढून दाखवावीत. दुबईला जाणाऱ्यांनी आणखी जपावे. ट्रामाडॉल, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, झोपेसाठीची अल्प्राझोलाम अशा औषधांना तिथल्या आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी लागते. मुंबई-न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे पहिल्या दोन दिवसांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चालावे, एका जागी बसून पायांत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो.

विमा घेताना स्वस्त-महाग पाहण्याआधी ‘आधीपासूनचे आजार’ हे कलम वाचावे. बऱ्याच विम्यांत जुन्या आजाराचा खर्च एकतर मिळतच नाही किंवा जीव धोक्यात असेल तेवढ्यापुरता मिळतो. रक्तदाब, मधुमेह, बसवलेला स्टेंट हे सगळे अर्जात लिहावे. लपवलेले आढळले तर पाय मोडल्याचा दावाही वादात सापडतो. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचे संरक्षण सक्तीचे आहे. अमेरिकेसाठी १ लाख डॉलरपेक्षा कमी घेऊ नये, असे आमचे मत आहे. विमा भारतातून निघण्याआधी घ्यावा.

एका प्रवासासाठी ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा अधिकृत विक्रेत्याकडून मिळतात, त्यांची पावती जपून ठेवावी. प्रत्यक्षात २००-३०० डॉलर रोख आणि बाकी कार्डावर एवढे पुरते. भारतातले कार्ड परदेशात चालण्यासाठी बँकेच्या अ‍ॅपमध्ये ती सोय आपण सुरू करावी लागते. निघण्याआधी फोनवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे आणि रिचार्ज परतीपर्यंत पुरेल असा मारावा, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि पेन्शनच्या खात्याचे कामही अडते. दुकानात यंत्राने ‘रुपयांत की डॉलरमध्ये’ असे विचारले तर तिथले चलन निवडावे, रुपयांचा दर महाग लावतात. अंगावर पाटल्या, गोठ, तोडे असे बरेच सोने घालून जाणार असाल, तर जाताना मुंबईच्या कस्टमकडून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे. परतताना हे सोने इथलेच, हे त्यावरून दाखवता येते.

इमिग्रेशनच्या खिडकीशी तीनच गोष्टी विचारतात: कशासाठी आलात, कुठे राहणार, किती दिवस. खरे तेच आणि विचारले तेवढेच सांगावे. मुलाला किंवा मुलीला भेटायला, त्यांच्या घरी, अमुक तारखेपर्यंत. इंग्रजी समजत नसेल तर मान हलवू नये, दुभाषा मागावा. न कळलेल्या कागदावर सही करू नये.

फोन बंद पडतो, नेट मिळत नाही, म्हणून सगळे कागदावर हवे. एका फाइलमध्ये पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स, परतीचे तिकीट, विमा, औषधांची चिठ्ठी आणि मुलाचा पत्ता व दोन फोन नंबर. नवराबायकोच्या फाइली वेगळ्या असाव्यात, कारण तपासणीच्या रांगेत कधीकधी दोघांना वेगळे करतात.

आपल्या वृत्तपत्रामार्फत ज्येष्ठ नागरिक संघांना विनंती आहे की, दर वर्षी मार्चमध्ये दोन तासांचा वर्ग घ्यावा. व्हिसा, तिकीट आणि आय-९४ यांच्या नमुना प्रती मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येकाच्या हाती द्याव्यात आणि ‘तुमचे विमान कोणत्या रात्री आहे, कोणत्या तारखेच्या आत परत निघायचे’ हे त्यांच्याकडूनच वाचून घ्यावे. असा वर्ग ठेवणाऱ्या संघाकडे आम्ही विनामूल्य येऊ.

– परदेश प्रवासाच्या कागदपत्रांचे काम करणारे काही वाचक, डोंबिवली